आंबट होण्याआधी

२ नोव्हेंबर

प्रिय इंजिनवाल्या,

तुझं दह्याचं यंत्र मी उघडलं. हो, तेच. सेलमध्ये दिसलं म्हणून उचलून आणलंस आणि मग कपाटाच्या डोक्यावर खोक्यातच ठेवून दिलंस. "आपल्या घरात थंडीत दही लागत नाही म्हणतेस ना? आता बघ, रोज लागेल," असं छातीठोक सांगून तू बोटीवर निघून गेलास. दही लावायचं राहिलं माझ्यावर, नेहमीसारखं.

आता ते ओट्यावर खिडकीजवळ बसलंय. झाकणाखाली काचेच्या बुटक्या बरण्या, पुढे एक बटण आणि एक लाल दिवा. दिसायला गरीब आहे, पण मला त्यानं पहिले दोन दिवस चांगलंच नाचवलं. पहिल्या दिवशी मला क्लासला उशीर होत होता, म्हणून उकळत्या दुधातच विरजण ढवळलं आणि बरण्या भरल्या. संध्याकाळी झाकण काढलं तर आत दूधच, कोमट आणि वास मारणारं. विरजण भाजून मेलं होतं. दुसऱ्या दिवशी शहाणी झाले. बोट बुडवून बघितलं, बोट सुखानं आत राहतंय म्हटल्यावर विरजलं. लागलं! पण सकाळी लावलेलं मी संध्याकाळी येऊन काढलं, तोवर ते इतकं आंबट झालं होतं की पहिल्या चमच्याला एक डोळा आपोआप मिटला.

मी सोडणार नाही हे तुला वेगळं सांगायला नको. जी बाई आमच्या डॉक्टरीणबाईंना गाडी शिकवायला बसते, ती दह्याला काय घाबरणार? त्या दातांच्या डॉक्टर गं, नव्हे, रे, ज्यांच्याबद्दल मी मागे लिहिलं होतं. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालतात, हात जराही हलत नाही. स्टिअरिंगवर ठेवला की थरथरायला लागतो. परवा पुन्हा परीक्षेत नापास झाल्या. ब्रेक असा दाबला की परीक्षकाचं कपाळ काचेला टेकलं.

रोज एवढं दही कुणाला लागतं, असा प्रश्न तुला पडेल. पडू दे. त्याचं उत्तर द्यायला मला आज वेळ नाही.

दोन्ही पायांखाली ब्रेक ठेवून बसणारी,
तुझी मास्तरीण


१३ नोव्हेंबर

प्रिय,

आधी बस. केबिनमध्ये असशील तर खाटेवर बस, आणि हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर सांगितलं असतं तर तू माझं पहिलंच वाक्य तोडलं असतंस. कागदाला मधे तोडता येत नाही, म्हणून कागद.

घरी तुझे बाबा आहेत. दही त्यांच्यासाठी लागतं.

आता उठू नकोस.

ऑक्टोबरच्या शेवटी डॉक्टरीणबाईंना घेऊन मी इस्पितळाच्या रस्त्यानं चालले होते. बसथांब्यावरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसलेले दिसले. गळ्याला मफलर, मांडीवर फाइल, शर्टाची कॉलर मानेपेक्षा दुप्पट. गाडी पुढे गेली आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला की हे कोण.

"डॉक्टरीणबाई, बाजूला घ्या. थांबवा."

"इथे? अहो, इथे थांबायला मनाई आहे."

"मी सांगतेय ना, थांबवा."

त्यांनी थांबवली. आयुष्यात पहिल्यांदा पदपथाला लागून, सरळ, एकही धक्का न देता थांबवली, आणि त्यांना शाबासकी द्यायचं माझ्या लक्षातही आलं नाही.

मी उतरून बाकासमोर उभी राहिले. तुझ्या बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग गाडीच्या टपावरच्या पाटीकडे बघितलं, मग समोर रस्त्याकडे. "माझी बस येईल," असं काहीतरी म्हणाले. मला वाटलं वाऱ्यानं शब्द उडाले. वारा नव्हता रे. आवाजच नव्हता.

स्टेशनवर ते गाड्यांच्या घोषणा करायला लागले की पुलावरचे लोक जागच्या जागी थांबायचे, असं तू सांगायचास. लहानपणी शाळेत बसून तुला बाबांचा आवाज ऐकू यायचा, आणि कुठली गाडी उशिरा आहे ते वर्गात सगळ्यात आधी तुला कळायचं. त्या माणसाचं बोलणं ऐकायला मला वाकावं लागलं.

स्वरयंत्राला गाठ होती. काढली. एकटेच जाऊन काढून आले, कुणाला सांगितलं नाही. आता किरणांचे उपचार, सुट्टीचे वार सोडून रोज. सोबत कोण आहे असं इस्पितळात विचारलं तेव्हा म्हणाले, "मुलगा बोटीवर असतो." हे मला नर्सनं सांगितलं. त्यांनी नाही.

"गाडीत बसा," मी म्हटलं.

"नको."

"मी विचारत नाहीये."

बसले.

त्यांच्या खोलीवर गेले होते मी. तीन जिने चढून. स्वयंपाकघरात पाण्यात भिजवलेला पाव आणि एक पातेलं, बस. गिळताना घसा चिरतो, म्हणून पाण्यात पाव. इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी बजावलंय की वजन आणखी उतरलं तर उपचार मधेच थांबवावे लागतील, नाहीतर नाकातून नळी घालून पोट भरावं लागेल. मऊ, थंड, अंगी लागेल असं द्या, म्हणाल्या. दुकानातलं दही एक तर नुसती साखर, नाहीतर घशाला झोंबणारं. म्हणून तुझं यंत्र खाली उतरलं.

आता तुझ्या रागाकडे येऊ. मला काय आठवत नाही का? आपल्या लग्नाच्या जेवणात माइक हातात घेऊन ते काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "चिरंजीवांनी सेकंड हँड गाडी घेतली आहे. निदान इंजिन तरी तपासून घ्यायचं होतं." माझं आधीचं लग्न मोडलेलं, वयानं मी तुझ्याहून मोठी, आणि धंदा गाडी शिकवण्याचा. सगळं एका वाक्यात बसवलं त्यांनी. हॉल हसला. तू त्यांच्या हातातला माइक काढून घेतलास आणि त्या दिवसापासून बाप या माणसाशी तुझं बोलणं संपलं.

ते भांडण तू माझ्यासाठी केलंस. मला त्याचा अभिमान आहे, आणि पुढेही राहील. पण माझ्यासाठी केलंस ना? मग ते माझं झालं. माझ्या वस्तूचं काय करायचं ते मी ठरवीन.

मी त्यांना माफ केलंय का, असं विचारशील. नाही. पण कुणाला उपाशी ठेवण्याइतकी मी रागावलेली नाही.

तुझीच


५ डिसेंबर

प्रिय,

तुझं पत्र आलं. तीन ओळी. एवढा मोठा समुद्र ओलांडून तीन ओळी येतात म्हणजे कमालच. "मी यायच्या आत त्यांना जाऊ दे. त्यांच्यासाठी बाई ठेव, काय हवं ते कर. मला घरात ते दिसायला नकोत."

उत्तर एका शब्दाचं आहे: नाही.

उपचार संपेपर्यंत ते इथून हलणार नाहीत. तू रागावलास तर रागाव, राग घेऊन ये, तो कुठे ठेवायचा ते आपण बघू. घर तुझं आहे तसं माझंही आहे.

आता घरातली हकीकत ऐक. तुला ऐकायची नसेल तरी ऐक, मला सांगायची आहे.

आमचं पहिले काही दिवस अजिबात जमलं नाही. मी बरणी पुढे ठेवायची, त्यांनी चमचा घेऊन वरचा पापुद्रा तपासायचा, जसा काही मी गुन्हा लपवलाय. पहिलं खाण्याजोगं दही झालं तेव्हा एक घास घेतला आणि म्हणाले, "पाणचट."

मी म्हटलं, "तुम्हाला बोलायला मनाई आहे ना?"

"कमी बोलायला सांगितलंय."

"मग त्यातलं चांगलं बोला."

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की किरणांनी तोंडाची आतली कातडी सोलल्यासारखी होते, जरा आंबट लागलं तरी आग होते. तेव्हा दही पुरतं लागलं की लगेच काढा आणि थेट थंड करा, आंबट व्हायला वेळच देऊ नका. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, साईसकट दूध घ्या, त्यात दुधाची पावडर घाला, घट्टही होईल आणि ताकदही येईल. हे सगळं ठीक. पण लागलं कधी, हे बघायला घरी कोण? मी तर रस्त्यावर.

मग मी तुझ्या बाबांना स्टूल दिलं आणि यंत्रासमोर बसवलं. "तुम्ही आयुष्यभर गाड्यांच्या वेळा सांभाळल्यात. आता ही सांभाळा."

त्यांना ते काम भलतंच मानवलं. चष्मा पुसून बसतात. दर थोड्या वेळानं बरणी हलकेच तिरकी करून बघतात, दही कडेपासून सुटतंय की एकसंध हलतंय. मधली बरणी जास्त गरम राहते, खिडकीकडची थंड पडते, पण म्हणून त्यांच्या जागा मधेच बदलायच्या नाहीत, हे त्यांनी मला सांगितलं. मी जागा बदलत होते, आणि माझं दही म्हणूनच फुटत होतं. हे मी त्यांच्यासमोर कबूल केलेलं नाही. तूही करू नकोस.

काल मी दूध तापवून आणलं, तर स्टुलावरून त्या उरल्यासुरल्या आवाजात म्हणाले, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. साईचं दूध फलाट क्रमांक एकवर येत आहे."

मला हसायचं नव्हतं रे. ठरवलं होतं, या माणसाच्या विनोदाला मी उभ्या जन्मात हसणार नाही. पण फुटलं हसू. दूध सांडलं.

ते मात्र हसले नाहीत. फडकं घेऊन ओटा पुसायला लागले.

तुझी हट्टी


१९ डिसेंबर

प्रिय,

मागचा आठवडा वाईट गेला. तुला गोड करून सांगणार नाही.

घसा पार सोलला गेला. पाणीसुद्धा डोळे मिटून प्यायचे. बरणी पुढे केली की हातानं बाजूला सारायचे. मी ओरडून बघितलं, लाडीगोडी करून बघितली, गप्प बसून बघितलं. गुरुवारी दुपारी क्लासमधून आले तर कोट घालून, पिशवी भरून दारापाशी खुर्चीवर बसलेले.

"कुठे?"

"खोलीवर. नळी घालू दे त्यांना. तुझे हाल कशाला?"

"माझे हाल मी बघीन. कोट काढा."

"मास्तरीणबाई," ते म्हणाले. हे नाव त्यांनी मला ठेवलंय, तुझ्यापासून उचललंय की स्वतःचं आहे कोण जाणे. "तू माझं एवढं करावंस असं मी काय केलंय?"

"काहीच नाही केलंत," मी म्हटलं. "म्हणून तर सोडत नाही. अर्धवट सोडलं तर माझ्या हातात काय उरलं?"

कोट काढला नाही, पण गेलेही नाहीत. तसेच खुर्चीवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी वादळ आलं आणि सकाळीच वीज गेली. यंत्र बंद, हीटर बंद, घर बर्फ. बरण्यांमधलं दही अर्धंमुर्धं लागलेलं. ना दूध, ना दही. दुकानं बंद, आणि त्यांच्या पोटात आदल्या दिवसापासून चहाचे दोन घोट. मी ओट्यासमोर उभी राहून विचार करत होते, तेवढ्यात दारावर थाप पडली. डॉक्टरीणबाई क्लासला हजर. वादळात गाडी शिकायला येणारी बाई ती एकच.

मग मी काय केलं असेल? बरण्या टोपलीत घातल्या, भोवती घोंगडी गुंडाळली आणि टोपली तुझ्या बाबांच्या मांडीवर दिली. "चला. गाडीत हीटर आहे. नाहीतरी इस्पितळात जायचंच आहे, तिथे जनरेटर चालू असेल."

ते मागच्या सीटवर टोपली धरून बसले. मी पुढे, शिकवणाऱ्याच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "दही अर्धं लागलंय. धक्का बसला तर मोडेल. आज ब्रेक असा दाबायचा की टोपलीला कळता कामा नये."

"बाई गं!" त्या म्हणाल्या, आणि निघाल्या.

मी इतकी वर्षं शिकवतेय, पण तशी गाडी मी पाहिली नाही. वळणाआधी किती लांबून वेग उतरवला. सिग्नल दिसला की पाय आधीच ब्रेकवर, लोण्यात सुरी जावी तसा. मागून तुझे बाबा हळूच सांगत होते, "पुढे खड्डा आहे. डावीकडून. शाबास." माझ्या पायाखालचा ब्रेक मला एकदाही दाबावा लागला नाही. गावाला वळसा घालून, काचांवर वाफ धरलेली, हीटर भसाभसा चालू, असे आम्ही तिघं त्या दह्याला फिरवत होतो. गाडीत एवढं उकडत होतं की डॉक्टरीणबाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि पुसायला त्यांना हात सोडवेना.

इस्पितळाच्या आवारात गाडी उभी केली. तुझ्या बाबांनी घोंगडी उलगडली, एक बरणी उचलून तिरकी केली. हललं नाही. मग चमचा घेतला. मी समोर काचेकडे बघत बसले, मागे बघितलं असतं तर त्यांनी ठेवून दिलं असतं. चमच्याचा आवाज येत राहिला. थांबायचा, पुन्हा यायचा. शेवटी काचेच्या तळाला चमचा खरवडल्याचा आवाज आला.

"गोड आहे," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाई रडायला लागल्या. त्या बरणीसाठी की गाडी न आपटता आणल्यासाठी, विचारू नकोस.

आणि मग, डॉक्टरीणबाई तिथेच होत्या हे मुद्दाम सांगते, तुझे बाबा चोरून बोलले नाहीत. म्हणाले, "त्या दिवशी हॉल हसला, म्हणून मला वाटलं मी बरोबर बोललो. मला आयुष्यभर तसंच वाटत आलं. लोक थांबून ऐकतात म्हणजे आपण शहाणे. मी तुझा अपमान केला. माझ्या मुलाचाही केला. ते घाण बोलणं होतं."

मी म्हटलं, "हो. घाण होतं."

"मग?"

"मग काही नाही. दुसरी बरणी खा."

त्या दिवशी वजनाच्या काट्यावर ते आदल्या वेळेइतकेच भरले. खाली नाही गेले. नळी टळली.

तुला काय वाटलं ते लिही. तीन ओळींपेक्षा जास्त लिही.

तुझी


२४ जानेवारी

प्रिय,

तू लिहिलं नाहीस. पण फोन केलास. त्याबद्दल बोलायचं आहे.

उपचार संपले, ही आधी आनंदाची बातमी. डॉक्टर म्हणाले, घसा भरून यायला वेळ लागेल, आवाज आहे असाच खरखरीत राहील, पण गाठीचा मागमूस नाही. वजन वाढायला लागलंय. आता मऊ भात, उकडलेला बटाटा गिळतात. दही मात्र सुटत नाही. यंत्राला तर ते मला हात लावू देत नाहीत.

मंगळवारी मी वाहतूक खात्यात रांगेत उभी होते, तेव्हा तुझी बोट बंदराला लागली आणि तू घरी फोन लावलास. उचलला त्यांनी. मी आले तेव्हा फोनशेजारीच बसले होते, हात मांडीवर ठेवून. मला सगळं सांगितलं, एकेक वाक्य, जशी गाड्यांची यादी वाचावी तसं.

तू विचारलंस, "कोण बोलतंय?"

ते म्हणाले, "मी दह्याचं यंत्र बघतो."

"बिघडलं का?"

"नाही. उत्तम चाललंय. तुम्ही आणलेलं ना?"

"हो, मीच."

"चांगलं आणलंत."

मग तू विचारलंस, बायको घरी आहे का. फार दमत नाही ना. ते म्हणाले, "दमते. पण सांगत नाही." तू म्हणालास, तिला सांगा, मार्चच्या सुरुवातीला येतोय. ते म्हणाले, सांगतो. तिकडे समुद्र कसा आहे, खायला-प्यायला नीट मिळतं का, असं त्यांनी विचारलं, आणि तू सांगितलंस. एका यंत्रवाल्याला तू तुझ्या बोटीच्या इंजिनाची कुरकुर सांगितलीस, स्वयंपाक्याच्या हाताला चव नाही ते सांगितलंस. मला कधी एवढं सांगतोस?

आणि ठेवताना म्हणालास, "घसा बसलेला दिसतोय तुमचा. जपा."

"जपतो," ते म्हणाले.

ते मला म्हणाले की तुला ओळख पटली नाही, आणि बरंच झालं. "तो माझ्याशी किती अदबीनं बोलला," असं म्हणाले. "मोठा झालाय." स्वतःच्या मुलाला अहो-जाहो करावं लागल्याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. त्यांना फक्त तू बोललास याचं वाटत होतं.

पण मी तुला ओळखते, इंजिनवाल्या. मी नोव्हेंबरातच लिहिलं होतं तुला की त्यांचा आवाज गेलाय. घरात कोण आहे तेही तुला ठाऊक होतं. कुठला यंत्र दुरुस्त करणारा तुला समुद्राची विचारपूस करतो? मला वाटतं तू पहिल्याच शब्दाला ओळखलंस आणि बोलत राहिलास, कारण असं बोलणं तुला सोपं गेलं. त्यांनी यंत्रवाल्याचं सोंग घेतलं आणि तू ते खरं मानलंस, दोघांचीही सोय झाली.

मी चुकत असेन तर कळव. मी सहसा चुकत नाही.

तुझी


२३ फेब्रुवारी

प्रिय,

घाईत लिहितेय, हे पत्र तुला शेवटच्या बंदरावर मिळावं म्हणून.

डॉक्टरीणबाई पास झाल्या. परीक्षकानं विचारलं, इतका हलका ब्रेक कुणी शिकवला? त्या म्हणाल्या, दह्यानं. तो अजून विचार करत असेल.

तुझे बाबा परवा आपल्या खोलीवर परत गेले. मी काढलं नाही, त्यांनीच ठरवलं. जिने चढता येतात आता, मधे एकदा थांबून. जाताना यंत्र न्या म्हटलं तर नको म्हणाले, माझ्या मुलानं घरासाठी आणलंय. शेवटी अशी वाटणी झाली की यंत्र इथे राहील आणि ते एक दिवसाआड येऊन लावून जातील. म्हणजे ते गेलेत असं म्हणायचं फक्त.

आता मुद्द्याचं. तू उतरशील तेव्हा त्यांना बंदरावर यायचं आहे. मला त्यांनी स्वतः विचारलं, गाडीत जागा आहे का म्हणून. म्हणाले, "मी कठड्यापाशी उभा राहीन. त्यानं तोंड फिरवलं तर मी बसनं परत जाईन, तुम्हाला त्रास देणार नाही."

मी हो म्हटलंय. तुला विचारलं नाही, सांगतेय.

पण एक गोष्ट तुम्हा दोघांनाही सांगून ठेवते. या हिवाळ्यात तुमच्या दोघांच्या मधे मीच होते. त्यांचं तुला लिहायचं, तुझं त्यांच्यापासून लपवायचं. तुझी ती तीन ओळींची चिठ्ठी मी त्यांना दाखवलेली नाही. हे काम मला जमलं, कारण मला बरीच कामं जमतात. पण आता पुरे. बंदरावर मी उतरणार नाही. गाडीतच बसून राहीन, काच वर करून, हीटर लावून. तुम्हाला काय बोलायचं ते बोला, नसेल बोलायचं तर नका बोलू. तिथे मी एकाचं दुसऱ्याला सांगायला येणार नाही.

दोघं मिळून आलात काय, एकेकटे आलात काय, घरी जायला गाडी एकच आहे.

वाट बघणारी,
तुझी


१२ मे

प्रिय इंजिनवाल्या,

तू गेल्यापासून घर पुन्हा मोठं वाटायला लागलंय. यावेळी तू निघताना आपण बरंच बोललो, पण एक गोष्ट बोललो नाही. तुला वाटलं मी विसरले. मी ठरवलं होतं की तू समुद्रावर पोचलास की कागदावर सांगायची.

त्या दिवशी बंदरावर काय झालं ते तुला माहीत आहे, तू तिथे होतास. पण मला गाडीतून काय दिसलं ते तुला माहीत नाही.

तू शिडीवरून उतरलास, खांद्यावर पिशवी, दाढी वाढलेली. ते कठड्याला एका हातानं धरून उभे होते. त्यांनी सकाळपासून तीन शर्ट बदलले होते आणि शेवटी पहिलाच घातला होता. तू त्यांना बघितलंस आणि थांबलास. मी मनात म्हटलं, फिरव तोंड, फिरवायचं तर लवकर फिरव. तू फिरवलं नाहीस, पण पुढेही आला नाहीस. मधे माणसं जात-येत होती, सामानाच्या गाड्या खडखडत होत्या, बोटीचा भोंगा वाजत होता. मग त्यांचे ओठ हलले. ते काहीतरी म्हणाले.

तुला ऐकू गेलं नाही. मी काचेआडून सांगू शकले असते की ऐकू जाणार नाही. जुना आवाज असता तर अख्ख्या धक्क्यानं ऐकलं असतं. तू हात कानाशी नेलास. ते पुन्हा बोलले. तू पुढे आलास. पुन्हा ऐकू गेलं नाही, म्हणून आणखी पुढे आलास, पिशवी खाली ठेवलीस, वाकलास, आणि तुझा कान त्यांच्या तोंडाशी लागला. तुझी उंची एवढी, त्यांची पाठ आता वाकलेली, तुला चांगलंच खाली यावं लागलं. आणि तू तसाच राहिलास. त्यांचं बोलणं कधीच संपलं असेल तरी राहिलास. त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला, तोही तू काढला नाहीस.

ते काय म्हणाले, मी विचारलं नाही. त्यांना नाही, तुलाही नाही. तेवढं तुमचं.

मी काय विचारणार आहे ते वेगळंच. तुम्ही दोघं गाडीपाशी आलात, तू मागचं दार उघडलंस, त्यांना बसवलंस, आणि वळसा घालून त्यांच्या शेजारी जाऊन बसलास. माझ्या शेजारची सीट रिकामी. महिनोन् महिने नवऱ्याचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि नवरा मागे बसून बापाच्या मफलरची गाठ नीट करतोय. घरापर्यंत मी एकटी पुढे, भाड्याची गाडी हाकणाऱ्या बाईसारखी. बरं, पैसेही कुणी दिले नाहीत.

पुढच्या वेळी पुढे बस. त्यांना मी सांगितलंय, त्यांची हरकत नाही.

तुझी मास्तरीण